विसरलेली संमती

उतारवयात स्मृती क्षीण होऊ लागलेल्या व्यक्तीची तज्ज्ञांकडून तपासणी होते, तेव्हा रक्ताच्या चाचण्या आणि मेंदूचे चित्रण यांतून ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार अशी उपचाराने सुधारू शकणारी कारणे शोधली जातात, आणि त्या व्यक्तीशी व तिच्या घरच्यांशी बोलून विस्मरणाचे स्वरूप ठरवले जाते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मॉन्ट्रियल चाचणीत पाच शब्द ऐकवून काही मिनिटांनी पुन्हा विचारतात. शब्द आठवला नाही तर ‘शरीराचा एक भाग’ किंवा ‘एक फूल’ असा इशारा देऊन पाहतात. अल्झायमरच्या आजारात हा इशाराही बहुधा फारसा कामी येत नाही.

अशा तपासणीनंतर काही वेळा संशोधनात सहभागी होण्याची विचारणा होते, आणि खरा तात्त्विक पेच तेथे उभा राहतो. असे संशोधन वर्षानुवर्षे चालते. ज्या आजाराचा अभ्यास करायचा तोच आजार दिलेल्या संमतीची आठवण पुसून टाकतो. समजून-उमजून सही केलेली व्यक्ती काही वर्षांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढायची सुई पाहून अंग चोरते, तेव्हा शब्द कोणता मानायचा, तेव्हाचा की आताचा?

तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत जोडलेल्या प्रकरणात असे मांडले की, जाणीव भूतकाळात जिथवर पोहोचते तिथवरच व्यक्ती तीच राहते. हे मत काटेकोरपणे लावले तर सही करणारी व्यक्ती आणि अंग चोरणारी व्यक्ती एक उरत नाहीत, आणि ती सही परक्याची ठरते. न्यायदर्शनाची भूमिका याहून खोल आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे, म्हणजे ज्यांवरून त्याचे अनुमान करता येते अशी चिन्हे, सांगितली आहेत. स्मृती हा ज्ञानाचाच एक प्रकार असल्याने ती यांपैकी एका चिन्हाचा अंश ठरते. ती लोपली म्हणून तिचा आश्रय असलेला आत्मा लोपत नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो किरकोळ नाही. भाष्यकार वात्स्यायन इच्छा व द्वेष यांचाही उलगडा स्मृतीच्याच आधारे करतो: ज्या वस्तूने पूर्वी सुख दिले ती पुन्हा दिसताच हवीशी वाटते, कारण तेव्हाचा भोक्ता आणि आताचा द्रष्टा एकच आहे. मग स्मृतीच गेली तर द्वेष कशाच्या बळावर उभा राहणार? न्यायमतात अनुभव संस्काररूपाने आत्म्यात टिकून राहतो आणि उद्बोधक, म्हणजे त्याला जागे करणारे निमित्त, मिळाले की त्यातून स्मृती उत्पन्न होते. स्मृती न उपजताही संस्कार आपले कार्य करू शकतो, इतके पुढे मात्र हे मत न्यावे लागते, आणि तसे नेण्यास भक्कम आधार आहे. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका विस्मृतिग्रस्त स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिचा हात हातात घेतला होता. पुढच्या वेळी त्यांनी हात पुढे करताच तिने आपला मागे घेतला, पण कारण विचारल्यावर ती टोचणी काही तिला आठवेना. (त्या टाचणीसाठी तिची संमती घेतली होती काय, हा प्रश्न आज टाळता येत नाही.) तिचा तो मागे घेतलेला हात म्हणजे स्मृतीविना उपजलेला, तरीही सर्वस्वी तिचाच असलेला द्वेष होय.

म्हणून पूर्वीची सही त्याच व्यक्तीची असल्याने तिला मोल आहे, आणि आजचा नकारही त्याच व्यक्तीचा असल्याने तो केवळ आजाराचे लक्षण म्हणून बाजूला सारता येत नाही. निर्णयक्षमता नसलेल्या व्यक्तीच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीने संमती देण्याची वाट भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांचे हेलसिंकी घोषणापत्र मात्र अशा व्यक्तीच्या असहमतीचा आदर राखण्यास सांगते. प्रतिनिधी म्हणून मुलाची सही कागदावर असली तरी विस्मरण झालेल्या आईने हात मागे घेतला तर त्या दिवसाची सुई थांबलीच पाहिजे, आणि आईला कारण सांगता आले नाही तरी तो नकार तिच्या चाचणीतील गुणांइतक्याच काळजीने नोंदवला गेला पाहिजे.