यंत्र डबीत, पोर वर्गात

बसा दोघंही. आज तुमचा मुलगा पुन्हा मोकळ्या कानांनी शाळेत आला. श्रवणयंत्राची डबी कुठे म्हणून विचारलं, तर कपाटात. का, तर लग्नात पाहुण्यांनी 'हे काय?' विचारलं आणि तेव्हापासून लावायचं राहून गेलं. राहून गेलं! दीड महिना त्याचं शिकणं राहतंय, ते नाही दिसलं तुम्हाला?

आणि त्याला ऐकू येतं, हे मला सांगू नका. कुकरची शिट्टी झाली की वळतो, दार आपटलं की दचकतो, मलाही ठाऊक आहे. त्या वळण्या-दचकण्यानंच तुमचा घात केला. मूल ठार बहिरं असतं तर पहिल्याच वर्षी डॉक्टरकडे धावला असता. अर्धवट ऐकणारं मूल आवाजाला दाद देतं, मग आजी म्हणते, त्याचा बापही उशिराच बोलला, आणि वर्षं जातात. आवाज झालेला कळणं निराळं, बोललेलं कळणं निराळं.

त्याच्या ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, तो ऑडिओग्राम काढा. फायलीत घडी करून ठेवायला नाही दिला तो. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे पातळ. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. आता त्यातल्या त्यात बऱ्या कानाचे आकडे वाचा: ५०० हर्ट्झला ४५ डेसिबल, १००० ला ५५, २००० ला ६५, ४००० ला ७५. सरासरी ६०. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या प्रतवारीत २० च्या आत असेल तर कान चांगला, ३५ पर्यंत सौम्य दोष, ५० पर्यंत मध्यम, ६५ पर्यंत मध्यम-तीव्र, ८० पर्यंत तीव्र, ९५ पर्यंत अतितीव्र, त्याच्या पलीकडे पूर्ण बहिरेपणा. तुमचा मुलगा मध्यम-तीव्र गटात आहे. नातेवाइकांना 'साठ टक्के बहिरा' म्हणून सांगता, ते आधी थांबवा. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. तसं म्हटलं की चाळीस टक्के शिल्लक आहेत, तेवढ्यावर भागेल, असा हिशेब तुमच्या मनात बसतो. दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. चांगल्या कानाला जेमतेम जाणवणाऱ्या आवाजाची शक्ती दहा लाख पट करावी, तेव्हा या पोराला नुसती चाहूल लागते. आपलं समोर बसून केलेलं बोलणं त्याच्या उंबरठ्याशीच अडतं.

शिवाय ती रेघ उजवीकडे उतरते, आणि स, श, थ, फ सगळे तिकडेच. आ, ओ, ऊ त्याला थोडेफार पोचतात. 'आला' आणि 'आलास' त्याला सारखेच. कुणाशी बोलताय की कुणाविषयी बोलताय, हे त्या एका 'स'वर ठरतं, आणि तो त्याच्यापर्यंत येतच नाही. वहीत सापाच्या जागी 'ताप' लिहिलं म्हणून तुम्ही त्याला धपाटा घातलात. कानावर कधी पडलंच नाही ते त्यानं कुठून लिहायचं?

यंत्रानं कान आळशी होतो, हे कोणी भरवलं तुमच्या डोक्यात? आळशी होतो तो न ऐकणारा मेंदू. भाषा शिकायची वर्षं हीच आहेत. यंत्र काही सगळंच मोठं करून कानात ओतत नाही. याच कागदावरून ते बसवून दिलंय: पातळ आवाज जास्त वाढवायचे, जाड कमी, हळू बोलणं उचलायचं आणि फटाक्यासारख्या आवाजाला ठरलेल्या मर्यादेवर रोखायचं. ते शिट्टी मारतं म्हणूनही काढून ठेवलंत ना? मुलाचा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा जुना साचा सैल होतो, फटीतून बाहेर आलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. त्यावर उपाय नवा साचा. डबी नव्हे.

यंत्र लावलं म्हणजे कान नवा झाला, असंही धरून चालू नका. गोंगाटात त्याला अडचण येणारच. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, तेव्हा स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद करा. टीव्ही बंद करा, त्याच्या समोर या, मग बोला. मी त्याला पहिल्या बाकावर बसवते आणि फळ्याकडे तोंड करून न बोलता शिकवते. पोरं चिडवतील याची काळजी तुम्ही करू नका, वर्ग माझा आहे.

उद्यापासून सकाळी तोंड धुतलं की दोन्ही कानांत यंत्र, ते झोपताना निघेल. आंघोळीपुरतं काढा. दप्तरात बॅटरीचं एक पान कायम ठेवा. शनिवारी ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन साच्याचं माप द्या आणि सोमवारी माप दिल्याची चिठ्ठी माझ्या हातात पाहिजे.