बुटांचा नेम

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३६ ते ३९



आजच्या चार श्लोकांत भगवंत अर्जुनाला सुखाचे तीन प्रकार सांगतात. पहिलं सात्त्विक सुख. ते सुरुवातीला विषासारखं लागतं आणि शेवटी अमृतासारखं होतं. दुसरं राजस. त्याचा पहिला घोट गोड असतो, विष नंतर कळतं. तिसरं तामस. ते झोप, आळस आणि बेफिकिरी यांतून येतं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत माणसाला भुलवत राहतं. या सगळ्याच्या आधी ३६व्या श्लोकात एक छोटा शब्द येऊन जातो : अभ्यास. या सुखात मन रमतं ते अभ्यासाने, म्हणजे पुन्हा पुन्हा केल्याने. पहिल्याच दिवशी रमेल, असं भगवंत म्हणत नाहीत.

हे श्लोक मी कॉलेजात असताना पाठ केले होते. तेव्हा उदाहरण म्हणून पहाटेचा व्यायाम आणि परीक्षेचा अभ्यास आठवायचा. आता मला एकच उदाहरण आठवतं : दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी एक दांडी.

आमच्या मुलाचं उजवं पाऊल जन्मतः आत वळलेलं होतं. याला क्लबफूट म्हणतात. साधारण ८०० ते १००० बाळांमागे एका बाळाला हे असतं आणि बहुतेकांमध्ये त्याचं नेमकं कारण सापडत नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. बारशाला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी माझ्या पत्नीला विचारलं, "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?" ती काही बोलली नाही, पण त्या रात्री झोपलीही नाही. मंडळी, ग्रहणाने पाऊल वळत नाही. आईच्या हातून काही राहून गेलं म्हणूनही वळत नाही. दुःखात असलेल्या आईला कारण शोधून देणं म्हणजे धर्म नव्हे. त्यापेक्षा तिचं बाळ तासभर सांभाळावं आणि तिला झोपू द्यावं.

यावर उपचार आहे आणि तो चांगला आहे. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ही पद्धत बसवली. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं सरळ करायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं होतात. मग बहुतेक बाळांत टाचेमागचा घट्ट अकिलीस टेंडन एका छोट्या छेदाने मोकळा करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. पॉन्सेटींनी या पद्धतीवरचा शोधनिबंध १९६३ साली छापला, पण जगभरच्या डॉक्टरांनी ती मनापासून स्वीकारायला पुढची तीसेक वर्षं गेली. तोवर मोठ्या शस्त्रक्रियेकडेच ओढा होता. हळूहळू, रोज थोडं, हा मार्ग माणसाला पटकन पटत नाही, हे इथेही दिसतं.

शेवटचं प्लास्टर निघालं तेव्हा पाऊल सरळ होतं. आम्ही पेढे वाटले. आणि त्याच दिवशी बूट मिळाले.

खरा नेम इथून सुरू होतो. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास बूट घालायचे. त्यानंतर रात्री आणि दिवसाच्या झोपेत, मूल साधारण चार वर्षांचं होईपर्यंत. मी इंजिनिअर माणूस, गणित केल्याशिवाय राहवेना. पहिले तीन महिने सोडले तरी १३००च्या वर रात्री होतात. कारण असं की पाऊल सरळ दिसलं तरी त्याची आत वळण्याची ओढ काही वर्षं टिकते. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू शकतं, आणि ते पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट नियमित न घालणं हेच आहे. म्हणजे आजार दिसत असतो तेव्हा आईबाप काटेकोर असतात. गडबड होते ती पाऊल छान दिसायला लागल्यावर. आपल्या साधनेचंही असंच नाही का? संकटात जप चुकत नाही. सगळं सुरळीत झालं की माळ कपाटात जाते.

पहिल्या रात्री बाळ खूप रडलं. दुसऱ्या रात्रीही. आतापर्यंत दोन्ही पाय वेगवेगळे झाडायची मुभा होती, ती दांडीने काढून घेतली. आई देवघरातून उठून आली आणि म्हणाली, "अरे, काढ ना ते जरा वेळ. लेकराचे हाल बघवत नाहीत."

त्या 'बघवत नाहीत'वर मी खूप विचार केला. रडत बाळ असतं, पण बघवत नाही ते आपल्याला. त्या क्षणी बूट काढले असते तर शांतता कुणाला मिळाली असती? बाळाला मिळालीच असती, पण त्याहून जास्त मला. आमच्या क्षेत्रात रात्री दोनला सर्व्हरचा अलर्ट वाजतो, तेव्हा तो नुसता म्यूट केला तर झोप छान लागते. बिघाड तिथेच राहतो. हेच ते राजस सुख, पहिला घोट गोड. आणि 'आज एक रात्र राहू दे, उद्या घालू' हे तामस सुख. भगवंतांनी त्याच्या मुळाशी झोप आणि आळस का ठेवले, ते तान्ह्या बाळाच्या आईबापांना वेगळं समजवावं लागत नाही!

पण इथे एक धोका आहे. कुणी म्हणेल, म्हणजे रडू द्यायचं, मन घट्ट करायचं, एवढंच ना? नाही. ३७वा श्लोक पुढे सांगतो की सात्त्विक सुख स्वतःच्या बुद्धीच्या निर्मळपणातून येतं. सहन करणं एवढ्यावरच ते येत नाही. बुद्धी निर्मळ असेल तर आधी नीट बघावं लागतं. सगळं रडणं सारखं नसतं. नव्याची चीड असते, ती काही दिवसांत जाते. आणि एक रडणं 'काहीतरी चुकलंय' असं सांगणारं असतं. म्हणून पट्टे लावल्यावर बुटाच्या मागच्या छिद्रातून टाच तळाला टेकली आहे का ते पाहायचं. बोटं सरळ आहेत ना, दुमडली नाहीत ना, ते पाहायचं. बूट काढल्यावर हलकी लाली असेल तर ती थोड्या वेळात जाते. पण फोड आला किंवा टाचेवर गडद लाल डाग पडला, तर टाच आत सटकते आहे असं समजायचं आणि बूट देणाऱ्या डॉक्टरांकडे लगेच जायचं. पट्टा सैल करणं हा त्यावर उपाय नाही, सैल बुटात पाय जास्त घासतो. लाल डागावर लोशनही लावायचं नाही.

ज्यांच्या घरी हेच चाललंय, त्यांच्यासाठी आमच्या उपयोगी पडलेल्या काही गोष्टी :

पातळ सुती मोजे, सुरकुती नसलेले. जे पाऊल जास्त त्रासाचं, ते आधी. गुडघा थोडा वाकवून टाच खाली दाबायची आणि मधला पट्टा सगळ्यात आधी घट्ट करायचा. बूट घालून झाले की लगेच खाली ठेवायचं नाही, उचलून जवळ घ्यायचं. दांडीला मऊ कापड गुंडाळायचं, नाहीतर बाळाला आणि आपल्या बरगड्यांना प्रसाद मिळतो! आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खेळ. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे. पाय वेगवेगळे नाही, पण दोन्ही मिळून हलवता येतात हे बाळाला कळलं की अर्धी लढाई जिंकली.

ही शेवटची युक्ती आम्हाला दवाखान्यात सांगितली होती, पण ती घरात रुजवली माझ्या आईने. चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून ती हरिपाठाला बसली आणि बाळाला बुटांसकट मांडीवर घेतलं. टाळ वाजवायला हात मोकळे नव्हते, म्हणून तिने दांडी धरली आणि त्या ठेक्यावर त्याचे गुडघे वरखाली करायला लागली. बाळ रडायचं थांबलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. तेव्हापासून आमच्या घरात दिवा, हरिपाठ आणि बूट हा एकच नेम आहे. आज तो चौदा महिन्यांचा आहे. दिव्याची काडी ओढल्याचा आवाज आला की स्वतःच पाय पुढे करतो. ज्याने मन रमतं तो अभ्यास कसा असतो, ते मला त्या दोन पायांनी दाखवलं.

अजून एक गोष्ट. आमच्या बाळाचं डावं पाऊल जन्मापासून ठीक आहे, तरी बूट त्यालाही आहे. वळलेलं पाऊल साधारण ६० ते ७० अंश बाहेर वळवून ठेवतात, चांगलं ३० ते ४० अंश. दांडीला दुसरं टोक लागतं. चांगला पाय बांधून घेतो, म्हणून दुसऱ्याला सरळ राहता येतं. घरातही तेच आहे. एकाच्या दुखण्यासाठी धडधाकट माणसांनी थोडं बांधून घ्यायचं असतं. माझ्या पत्नीने नोकरीची वेळ बदलली, आईने गावाला जाणं पुढे ढकललं, मी रात्रीची शिफ्ट सोडली. याला त्याग म्हणायला मला संकोच वाटतो. दांडीचं दुसरं टोक म्हणा.

जगातलं सगळं दुःख असंच बूट असतं आणि देव ते मुद्दाम घालतो, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ दुःखांचा अर्थ मला लावता येत नाही. पण ज्या कष्टाचं फळ आपल्याला ठाऊक आहे, तिथे तरी रडण्याला घाबरून पट्टा सोडू नये. आणि पट्टा घट्ट केल्यावर उठून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. या दोन्ही गोष्टी एकत्र जमल्या तर ती दया. एकटी पहिली म्हणजे कठोरपणा, एकटी दुसरी म्हणजे मोह.

आजचा संकल्प : जो नेम 'आता सगळं ठीक आहे' म्हणून सुटलाय, तो आज संध्याकाळी पुन्हा धरायचा. आणि ओळखीत कुणाच्या बाळाचं पाऊल वळलेलं असेल, तर लवकर दवाखाना गाठायला सांगायचं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, तेव्हा पैशांअभावी कुणी थांबू नये.

प्रार्थना : हे पांडुरंगा, कडू ते कडूच लागणार, पण ते पुरं होईपर्यंत हात थरथरू देऊ नकोस. आणि आमच्या हातून जे बांधलं जाईल, ते मायेनेच बांधलं जाऊ दे.

राम कृष्ण हरी.