दोन डोळे, एक कौल

आपल्याला डोळे दोन आणि दिसणारे जग मात्र एक, या नित्याच्या नवलाला आपण इतके सरावलो आहोत की त्यामागे क्षणोक्षणी चाललेल्या निवडीचा आपल्याला मागमूसही लागत नाही. दोन बुबुळांमध्ये जेमतेम सहा सेंटिमीटरांचे अंतर. तेवढ्यानेही दोघांची दृश्ये किंचित निराळी होतात, आणि या निराळेपणातूनच दृश्याला खोली लाभते, हे चार्ल्स व्हीट्स्टनने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने दाखवून दिले. परंतु नेम धरण्याची वेळ आली की दोघांचे समान ऐकून भागत नाही. मन एकाच्या साक्षीकडे झुकते, आणि तो प्रबळ डोळा कोणता, हे आयुष्यभर त्याच्याच भरवशावर चाललेल्या माणसाला बहुधा ठाऊक नसते.

ते जाणून घेणे अगदी सोपे आहे. दूरच्या एखाद्या कळसावर नजर स्थिर करावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबवलेल्या हाताचा अंगठा त्याच्याशी जुळवावा, आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला एकट्याने पाहतानाही अंगठा कळसावरच दिसतो, तो प्रबळ. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने १५९३ मध्ये, वक्रीभवनावरील आपल्या ग्रंथात, काठी घेऊन केलेली अशीच परीक्षा वर्णिली आहे. मला मात्र या परीक्षेतला निराळाच क्षण खुणावतो: दूरवर पाहताना जवळचा अंगठा खरे तर दुहेरी झालेला असतो, आणि मन त्यांतला एक निमूटपणे बाजूला सारते. दूरचे काही एकाग्रतेने न्याहाळणाऱ्या प्रत्येकाच्या निकट अशी किती द्वैते नांदत असतील!

सुमारे दोन तृतीयांश माणसांचा उजवा डोळा प्रबळ असतो. पण हात उजवा म्हणून डोळाही उजवाच, असा नियम नाही, कारण प्रत्येक डोळ्याचे निम्मे तंतू वाट ओलांडून पलीकडे जातात आणि दोन्ही डोळ्यांची वार्ता मेंदूच्या दोन्ही अर्धांपर्यंत पोहोचते. दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने बाण सोडणाऱ्या अर्जुनाला हाताची निवड करावी लागत नसे. पण पक्ष्याच्या डोळ्यावर दृष्टी खिळली तेव्हा त्याच्याही दोन डोळ्यांपैकी एकाचा कौल अखेरचा ठरला असेल काय? आजचे नेमबाज दुसरा डोळा उघडाच ठेवतात, केवळ त्याच्यापुढे एक लहानशी पट्टी लावतात, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंवर ताण येत नाही. एकाग्रतेसाठी उरलेले सारे मिटून घेण्याची गरज नसते, ही कलेची जुनी शिकवण इथे देहाच्या भाषेत भेटते.

आणि हे प्राबल्यही निरपवाद नव्हे: नजर बरीच बाजूला वळली की कौल दुसऱ्या डोळ्याकडे जाऊ शकतो. आपल्या मतांचे, प्रेमाचे, न्यायाचेही असेच असावे. निर्णयाच्या क्षणी आपण एका बाजूला झुकतो, आणि झुकल्यावाचून कृती संभवत नाही. म्हणून झुकण्याची लाज वाटू नये. आपण कुठे झुकतो, ते मात्र अधूनमधून तपासत राहावे. कारण जिची साक्ष आपण मागे ठेवली, त्या दुसऱ्या दृष्टीवाचून दिशा कदाचित सापडेल, पण जगाची खोली हाती लागणार नाही.