भिडेपोटी दिलेला होकार

कार्तिकीस सोलापुराहून मोहोळच्या वाटेने पंढरीस निघालो असता चिंचोळी एमआयडीसीच्या फाट्यावर आम्ही एका दुकानी बॅटरी घेतली. पोरगा म्हणाला, "माउली, मोबाईल नंबर सांगा." सांगून टाकला. मुक्कामी पोचतो न पोचतो तोच 'कर्ज घ्या' म्हणून फोन सुरू! नंबर तिथूनच गेला, असे मात्र आम्ही छातीठोक म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, लपवायचे आहे काय? अहो, विठ्ठलापाशी बोलतो ते आपण बाजारात बोलत नाही. ते काय पाप म्हणून? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांस बजावले, की नंबरासाठी अडून बसू नका. त्याच वर्षीच्या कायद्यात लिहिले आहे, की संमती मोकळेपणी दिलेली हवी, अन् सांगितलेल्या कामापुरतीच. आमची मोकळी कुठली? मागे गिऱ्हाइकांची रांग. भिडेपोटी आकडे तोंडून गेले.

पण दुकानदारास बोल लावताना जीभ अडखळते. मुक्कामाच्या खोल्यांसाठी म्हणून आम्हीही दिंडीतल्या साठ जणांचे नंबर नि आधारच्या झेरॉक्स घेतल्या होत्या. वारी संपली, खोल्या सुटल्या. ती वही वर्षभर आमच्या फडताळात उघडीच पडून आहे. कोणी परत मागितली नाही. मागायची त्यांनाही भीडच पडली असेल.