गुणांचा गुणाकार

माणसाचे शील ज्याने ओळखावे त्यास मराठीत 'गुण' म्हणतात, आणि 'गुणाकार' हा शब्दही त्याच घरचा आहे. त्यावरून एक प्रश्न सुचतो. आयुष्यात गुण साठतात ते बेरजेने की गुणाकाराने? बहुतेक लोक बेरीजच गृहीत धरतात. सत्कृत्ये जमेस धरावीत, प्रमाद खर्ची टाकावेत व शिल्लक पाहावी, असा पापपुण्याचा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. आम्हांस मात्र वाटते की, सचोटी, विश्वास, स्नेह यांच्या बाबतीत गुणाकाराचाच नियम अधिक खरा आहे. कारण आजची झीज कालच्या शिल्लकेतूनच व्हावयाची असते.

बेरीज दाखविण्यास गणिती लोक ग्रीक लिपीतील सिग्मा हे अक्षर योजतात, आणि गुणाकारासाठी थोरला 'पाय'. दोन खांबांवर आडवी तुळई ठेवलेल्या दारासारखा. खाली आरंभ कोठून करावयाचा ते लिहितात, वर कोठे थांबावयाचे ते. वर अनंताची खूण असेल तर थांबणेच नाही. अशा गुणाकारास किंमत कशी द्यावी? एकेक गुणक घेत जावे, आणि लब्ध कोणत्या संख्येकडे सरकत जाते ते पाहावे. फ्रान्समधील व्हिएत याने १५९३ साली व इंग्लंडातील वॉलिस याने १६५६ साली वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे प्रमाण अशाच अनंत गुणाकारांनी मांडून दाखविले.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध आहे. तेव्हा उदाहरण चांदीचेच घेऊ. दोन लगडी पुन्हापुन्हा आटवावयाच्या व दर वेळी त्यांत घट यावयाची, अशी कल्पना करा. पहिलीत प्रथम चतुर्थांश घटतो, मग उरलेल्याचा नवमांश, मग सोळावा हिस्सा, मग पंचविसावा. शिल्लक राहते ती अनुक्रमे पाऊण, दोन तृतीयांश, पाच अष्टमांश, तीन पंचमांश. आणि हा क्रम कितीही चालविला तरी ती अर्ध्याखाली जात नाही. दुसरीत प्रथम अर्धा भाग घटतो, मग उरलेल्याचा तृतीयांश, मग चतुर्थांश, मग पंचमांश. तीत ९९ वेळा आटवल्यावर केवळ शतांश उरतो, आणि पुढे शून्याकडेच वाटचाल. नवल हे की, दोन्ही लगडींत घटीचे प्रमाण दर खेपेस कमी होत जाऊन अखेर नगण्य होते. भेद आहे तो घटीच्या अपूर्णांकांच्या बेरजेत: पहिलीत ती एकाच्याही आत राहते, दुसरीत तिला मर्यादाच नाही.

यातून निघणारा बोध थोडा कठोर आहे. "हल्ली आम्ही पूर्वीपेक्षा कमी खोटे बोलतो," हे समाधान दोन्ही लगडींस सारखेच बोलता येईल. तेवढ्याने एक तरते, दुसरी बुडते. सुधारणा होत आहे इतके पुरेसे नाही. ती पुरेशा वेगाने होत आहे काय, हे विचारले पाहिजे.

आता शून्याकडे वळू. एक गुणक शून्य आला की सारे लब्ध शून्य होते. जगही माणसाला याच न्यायाने वागवते. एकदा ज्याचा पाय घसरला, त्याचे पुढले सारे आयुष्य त्या एका दिवसाने गुणले जाते. परंतु गणिती येथे अधिक उदार आहेत. असे शून्य मोजके असतील तर ते बाजूस काढतात, आणि उरलेला गुणाकार शून्येतर सीमेस पोहोचतो काय, एवढेच पाहतात. पोहोचत असल्यास त्यास अभिसारी म्हणतात. उलट, एकही गुणक शून्य नसता जो कणाकणाने शून्याकडे जातो, त्यास ते अपसारी ठरवितात. आम्ही समाजात नेमके उलटे करतो: एका पतनाबद्दल माणसास उंबरठ्याबाहेर ठेवतो, आणि जो कधीच पडला नाही पण रोज थोडा थोडा उणा होत गेला, त्यास सभेत पहिल्या रांगेत बसवतो.

मनुष्य म्हणजे सूत्र नव्हे, आणि त्याचे दिवसही अनंत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण दिवस मोजके आहेत यातच दिलासा आहे. शतांश उरला तरी तो शून्य नव्हे, आणि पुढला गुणक कोणता असावा हे चांदीच्या हाती नसले तरी आपल्या हाती असते. दुसऱ्याचे मोजमाप करताना त्याचे एखादे शून्य बाजूस ठेवावे. स्वतःचे करताना मात्र बारीकसारीक घटींची बेरीज विसरू नये.