न केलेल्या कामाची मजुरी

आमच्या दिवाणखान्याची एक भिंत गेली दोन वर्षं रडते आहे. आधी तिचा रंग उडाला, मग पोपडे सुटले आणि यंदाच्या पावसाळ्यानंतर तिच्यावर एक नकाशाच उमटला. आमची ही म्हणते तो ऑस्ट्रेलियाचा. मला तो आमच्या शाखाधिकाऱ्यांच्या चेहऱ्यासारखा दिसतो. एवढा मतभेद सोडला तर त्या भिंतीपायी घरात कधी भांडण झालेलं नव्हतं. पण भाचीला बघायला मुलाकडची मंडळी रविवारी आमच्याच घरी येणार असं ठरलं आणि भिंत एकदम ऐरणीवर आली.

"त्या भिंतीचं काहीतरी करा," ही म्हणाली. 'काहीतरी' म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे वीस वर्षांच्या संसारानंतर मला कळतं. तिला भिंत झाकून हवी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आणि झाकायची सोय हल्ली फार सुरेख झालेली आहे. तिला जिप्सम बोर्ड म्हणतात. दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा थर, जाडी साडेबारा मिलिमीटर. भिंतीवर पत्र्याच्या चॅनेलची चौकट ठोकायची, तिच्यावर बोर्ड स्क्रूने बसवायचे, सांध्यांवर टेप चिकटवायची, लांबी भरायची आणि रंग द्यायचा. अमेरिकेत तर घरंच्या घरं अशा भिंतींची असतात; तिथे 1894 साली याच्या पूर्वजाचं पेटंट निघालं. आमच्याकडे मात्र त्याचा मुख्य उपयोग लाज झाकण्याकडे होतो.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने एक मिस्त्री पाठवला. पन्नाशीचा, काटकुळा, कानावर पेन्सिल. त्याने टेप लावून भिंत मोजली. दहा फूट बाय नऊ, म्हणजे 90 चौरस फूट. "चौरस फुटाला 90 रुपये, मालासकट." एकूण 8,100. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पहिला आकडा मान्य करणं हा मी विद्यापीठाचा अपमान समजतो. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर त्याला 75 वर आणलं, म्हणजे 6,750. निव्वळ नफा 1,350. ही दाराआडून कौतुकाने बघत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. चॅनेल ठोकण्याआधी त्याने भिंतीवर तळहात ठेवला, बोटांनी ठोकून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, पलीकडे मोरी आहे का?"

"बाथरूम आहे."

तो आत जाऊन उकिडवा बसला, टाइल्सच्या सांध्यांतून पेन्सिल फिरवली आणि बाहेर येऊन म्हणाला, "बोर्ड नका लावू. पाणी सांध्यांतून मुरतंय. बोर्डाला कागद असतो, ओल लागली की बुरशी धरते. वर्षभरात काळा पडेल आणि मागची भिंत जाईल ती वेगळीच. सांधे खरवडून भरून देतो. भिंत महिनाभर वाळू द्या, मग गिलावा करू."

"आणि पैसे?"

"आजची हजेरी आणि माल, सगळे मिळून 1,500."

वाचकहो, इथे माझ्या हिशेबात जो फरक आला तो अजून सापडलेला नाही. त्याने मुकाट्याने बोर्ड लावला असता तर 6,750 चं काम त्याचं होतं. बोर्डामागची ओल मला दिसली नसती. वर्षाने दिसली असती तर मी पावसाला शिव्या दिल्या असत्या. बँकेत माझ्या प्रत्येक व्हाउचरवर दुसऱ्याची सही लागते, वर तपासनीस येतात, ऑडिटर येतात. इतक्या पहाऱ्यात मी बावीस वर्षं प्रामाणिक राहिलो, याचा मला केवढा अभिमान होता! बोर्डामागे कुठला ऑडिटर जातो? पहारा नसताना मी कसा वागेन, हे मला खरोखरच ठाऊक नाही. रविवारपुरती भिंत झाकायला निघालेला माणूस मीच होतो, यावरून थोडा अंदाज येतो.

बरं, डॉक्टर "ऑपरेशनची गरज नाही" म्हणाले तर आपण फी देतो, वर हात जोडतो. मग मिस्त्रीच्या 'गरज नाही'ला काहीच किंमत नाही? संध्याकाळी मी 1,500 दिले आणि वर 1,350 पुढे केले. तेच, घासाघिशीत वाचवलेले.

"हे कशाचे?"

"सल्ल्याचे."

त्याने नोटा परत केल्या. "काम केलं नाही त्याचे पैसे कशाला? द्यायचेच असतील तर पुढच्या वेळी घासाघीस करू नका म्हणजे झालं."

मॉलमध्ये खिळलेल्या किमतीच्या चिठ्ठीपुढे मी मान तुकवतो. घासाघीस करतो ती फक्त कानावर पेन्सिल असलेल्या माणसाशी. आणि घासाघीस म्हणजे काय? 'तू मला फसवणार हे मला ठाऊक आहे' असं हसत हसत सांगणं. एवढं ऐकून घेऊनही त्याने फसवलं नाही.

रविवारी मंडळी आली. सोललेल्या भिंतीकडे मुलाची आई टक लावून पाहत होती. हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाथरूमची ओल आहे, वाळायला ठेवली आहे."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तिथे कपाट सरकवलंय."

महिन्याने मिस्त्री गिलाव्याला आला. "3,000 होतील."

सवयीने माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं आणि म्हणालो, "ठीक आहे."

मिस्त्री चपापला. "साहेब, तब्येत बरी आहे ना?" मग थोडा वेळ अस्वस्थपणे भिंतीकडे बघून म्हणाला, "जाऊ द्या, 2,950 द्या."

ते पन्नास रुपये नक्की कोणाचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तूर्त ते सस्पेन्स खात्यात टाकले आहेत.