एका मेजावरील दोन सोबती

एकाच कचेरींत, एकाच मेजावर काम करणाऱ्या दोघांचें पटेनासें झालें, तर मौन धरणें हा सद्गुण होय काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मनांत धुमसणारें मौन म्हणजे शांति नव्हे.

प्रथम वाद कशाचा आहे हें पाहावें. टिळक व आगरकर १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस बरोबर होते. तरी सामाजिक सुधारणेविषयीं मतभेद वाढून आगरकरांनीं 'केसरी' सोडला व १८८८ सालीं 'सुधारक' काढला. तो वाद तत्त्वाचा होता. तेथें वेगळें होण्यांत कमीपणा नाहीं. परंतु पंखा कोणीं बंद केला, दप्तर कोणीं हलविलें, अशा वादांसही आपण तत्त्वाचें नांव देतों. खरें पाहतां आपला मान दुखावलेला असतो, एवढेंच.

अशा वेळीं साहेबांकडे गाऱ्हाणें नेऊं नये. तिसऱ्याच्या तोंडून गेलेली गोष्ट वाढूनच परत येते. त्या सोबत्यासच एकांतीं विचारावें, "माझ्यामुळें आपणांस कांहीं अडचण होते काय?" प्रिय वाचकहो, हा प्रश्न जिभेस जड वाटतो खरा, पण तो विचारल्यानें कोणी लहान होत नाहीं.